गायबमास्तर दिसू लागले

गायबमास्तरांना सगळा बाजार ओळखायचा, पण त्यांचं काम मात्र कुणीच कधी पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही उरायचंच नाही हो! कोटाला सिगारेटनं भोक पडू दे, शाल उंदरांनी कुरतडू दे, नव्याकोऱ्या पँटचा गुडघा सायकलवरून पडून फाटू दे; मास्तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायचे, भोकावर उभे-आडवे विणायचे आणि कपडा परत देताना फक्त एक शब्द बोलायचे, "शोधा." गिऱ्हाईक मग कपडा उजेडाला धरायचं, उलटासुलटा करायचं, त्यावरून बोट फिरवायचं आणि शेवटी हात टेकायचं. मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांच्या दुकानासमोर बेकरी होती, तिथल्या बेकरीवाल्यानं त्यांना हे नाव ठेवलं होतं. भोक गायब करतो तो गायबमास्तर. मास्तरांना ते मनापासून आवडायचं, पण तोंडदेखलं ते म्हणायचे, "काहीतरीच तुझं."

"दिसलं ते रफू कसलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता एखादा माणूस धंद्यातली गोष्ट धंद्यात ठेवतो. पण मास्तरांनी ती अंगात मुरवून घेतली होती. काळा कोट, काळी पँट, काळी लोकरीची टोपी. लग्नाला गेले तर शेवटच्या रांगेत, तेही खांबाआड. घरातला कुठलाही फोटो घ्या, मास्तर म्हणजे कुणाच्या तरी मागून डोकावणारा एक कान. बायको म्हणायची, "अहो, उद्या लोक विचारतील, हिचा नवरा कुठला? तर मी काय कान दाखवू?" त्यावर मास्तर म्हणायचे, "कान माझाच आहे ना? मग झालं तर."

अशा माणसाची एक चैन होती. एकच, पण जिवापाड जपलेली. संध्याकाळी दुकानाचं दार ओढलं की घरापर्यंत चालत जायचं. दिवसभर त्यांची नजर वीतभर अंतरावर खिळलेली असायची, धाग्यात धागा, सुईत सुई. रस्त्याला लागले की ते डोळ्यांना मोकळं सोडून द्यायचे. लांबची झाडं बघ, टेकाडावरच्या खिडक्या बघ, आभाळ बघ. बाजार संपला की बंद पडलेल्या सूतगिरणीची लांबच लांब भिंत लागायची. तिच्या कडेनं रस्ता, पुढे एक वळण, आणि वळणाच्या अलीकडे भिंतीला लागून दगडी पायऱ्या. त्या चढल्या की मास्तरांचं घर. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, आणि दिवे असून नसल्यासारखे. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. पण थंडीत दिवस लहान व्हायचा, आणि गिऱ्हाइकं तर आपापली कामं सुटल्यावरच यायची, त्यामुळे मास्तर निघेपर्यंत मिट्ट काळोख झालेला असायचा.

बायको कधी काळजीनं बोललीच तर मास्तर छाती पुढे काढून सांगायचे, "माझी नजर बघितलीयस ना? वाळूत पडलेली सुई वेचून दाखवेन. गाडी मला कुठल्या कुठे असताना दिसते." तेही खरंच होतं. गाडी त्यांना दिसायची. आणि आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीला आपण दिसतो, असा त्यांनी आयुष्यभर हिशेब धरला होता. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

मास्तरांना एकुलती एक लेक. लहानपणी त्यांनी तिला सुई धरायला शिकवायचा फार प्रयत्न केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिचा टाका म्हणजे गल्लीतलं भांडण, एक इकडे तोंड करून बसलाय, दुसरा तिकडे. बोटांना टोचून घेऊन ती रडायची आणि मास्तर ते सगळं गुपचूप उसवून पुन्हा घालायचे. सुईशी तिचं जमलं नाही, चाकाशी मात्र जमलं. आधी सायकल, मग बेकरीवाल्याची गाडी, आणि मग थेट बस. डेपोत बदली ड्रायव्हर म्हणून लागली. बदली ड्रायव्हर म्हणजे जो ड्रायव्हर आला नाही त्याचा रस्ता. आज इकडे, उद्या तिकडे. स्वतःचा म्हणून एक रस्ता मिळावा याची ती वर्षानुवर्षं वाट बघत होती. बस मात्र डोळ्यात तेल घालून चालवायची. मास्तर चारचौघांत तिचं कौतुक कधी करायचे नाहीत, पण बेकरीवाल्याला विचारा, तो सांगेल. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर त्याला ते रोज ऐकावं लागायचं.

तर त्या संध्याकाळी काय झालं, मास्तर भिंतीच्या कडेनं चालले होते. गाड्यांकडे पाठ करून, रोजच्यासारखे, टेकाडावरच्या खिडक्या बघत. मागून बस आली. आवाज त्यांनी ऐकला, पण बस नेहमीसारखी बाजूनं जाईल असं धरून चालले. एकदम दिव्याचा झोत, ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज, आणि बस इतक्या जवळून गेली की वाऱ्यानं टोपी उडाली आणि मास्तर भिंतीवर आपटले. लागलं नाही फारसं, कोपर तेवढं खरचटलं. बस वळणापलीकडे गेली. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी अंधाराला मनसोक्त शिव्या दिल्या, हातानं चाचपडून टोपी शोधली, ती काही सापडेना, तेव्हा उघड्या डोक्यानं पायऱ्या चढून तणतणत घरी आले.

"अगं, रेड्यासारखी अंगावर आली!" त्यांनी बायकोला सांगितलं. सांगता सांगता राग उतरला आणि गोष्टीला रंग चढला. "ड्रायव्हर आंधळा असणार. नाहीतर झोपलेला. चांगला फैलावर घेतला त्याला!"

"ऐकलं त्यानं?"

"तो कसला ऐकतोय, तो पळाला. पण टोपी गेली बघ. चांगली टोपी होती."

बायकोनं कोपराला औषध लावलं आणि म्हणाली, "टोपीवर निभावलं म्हणा." मास्तर हसले. खरं म्हणजे दोघंही हसली.

लेक त्या दिवशी उशिरा आली. चपला काढल्या आणि तशीच भिंतीला टेकून बसली. चेहरा पांढराफटक. आईनं ताट वाढलं, तिनं घास हातात घेतला आणि परत ठेवला.

"काय झालं गं पोरी?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा, आज माझ्या हातून माणूस गेला असता." लेक म्हणाली. "मला आज गिरणीच्या रस्त्यावर बदलीला घातलं होतं. समोरून मोठा ट्रक आला, त्याचे दिवे डोळ्यावर. तो गेला आणि बघते तर बसच्या नाकासमोर माणूस! कुठून उगवला कुणास ठाऊक. आधी नव्हताच तो. काळ्यात काळा. मी चाक फिरवलं, ब्रेक दाबला, आतली माणसं एकमेकांवर पडली. वळणावर थांबता येईना, म्हणून पुढे जाऊन थांबवली आणि टॉर्च घेऊन पळत मागे आले. कुणीच नाही! मी गटारात बघितलं. भिंतीलगतचं गवत बाजूला करून बघितलं. कंडक्टर म्हणाला, ताई, गेला असेल घरी. पण मला कसं कळणार? तो गेला घरी, की कुठे जाऊन पडलाय?"

आईचा वाढता हात तिथेच थांबला. तिनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर ताटाकडे बघत होते.

"एवढी एक टोपी सापडली," लेक म्हणाली आणि पिशवीतून काळी लोकरीची टोपी काढून तिनं मध्ये ठेवली. "उद्या त्या बाजूच्या घरांतून विचारणार आहे. कुणाची आहे म्हणून."

अशा टोप्या त्या गावात घरटी एक होत्या. मास्तरांनी ती उचलली. त्यांचा अंगठा आपोआप आत गेला, डाव्या कानाच्या वर, जिथे मागच्या थंडीत कसर लागून भोक पडलं होतं आणि त्यांनी ते असं विणलं होतं की लेकीला काय, खुद्द ब्रह्मदेवाला सापडलं नसतं. अंगठ्याला मात्र सापडलं.

"बाळ," ते म्हणाले, "तो माणूस घरी पोचला. त्यानं तुला फार शिव्या दिल्या. त्या परत घेतो."

लेकीला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती हुंदके देऊन रडायला लागली, लहानपणी सुई टोचल्यावर रडायची अगदी तशी. मास्तर नुसते तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आपण मेलो असतो हे त्यांना तितकं लागलं नाही. ते तिच्या हातून झालं असतं, हे लागलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक बातमी आली, आणि एरवी ती पेढे वाटायची बातमी होती. गिरणीच्या रस्त्यावरचा कायमचा ड्रायव्हर नोकरी सोडून लेकाकडे राहायला चालला होता. डेपोनं तो रस्ता मास्तरांच्या लेकीला देऊ केला होता. कायमचा. बदलीचं झंझट संपलं! तिच्या आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी तिनं हो की नाही ते सांगायचं होतं.

"मी नाही म्हणणार आहे," लेक म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?" मास्तर उसळले. "कधीपासून वाट बघतेयस!"

"वाट बघत होते. पण बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी त्या रस्त्यावर असणार आणि मी रोज तिथूनच बस नेणार. प्रत्येक अंधाऱ्या जागी मला वाटणार, इथे बाबा असतील. अशी बस चालवता येते होय? एक तर दुकान उजेड असतानाच बंद करा, नाहीतर बसनं घरी या. ते जमत नसेल तर मला तो रस्ता नको."

आता आली का पंचाईत! दुकान लवकर बंद करावं तर गिऱ्हाईक यायची वेळच ती. बसनं यावं तर दिवसभर बसून आखडलेला माणूस पुन्हा बसणार, आणि डोळे मोकळे सोडायचे कधी? मास्तरांनी ताठ मानेनं सांगितलं, "तू नाही म्हणायचं नाहीस. मी चालणार, आणि तुला दिसणार. सुट्टीपर्यंत मला मुदत दे."

"दिसणार कसे?"

"ते माझ्यावर सोड."

बायकोनं टोपीवर पांढरा रुमाल बांधायला सुचवलं. मास्तर म्हणाले, "मी काय शरण जातोय कुणाला?" लेक म्हणाली, रुमालानं काही होत नाही, लांबून पांढरं आणि करडं सारखंच. रेडियमची पट्टी हवी, गाड्यांच्या मागे असते तशी, दिव्याचा उजेड उलटा फेकणारी. आणि ती मनगटावर आणि घोट्यावर हवी. "छातीवरची पट्टी खांबासारखी वाटते हो. हात-पाय हलताना दिसले की ड्रायव्हरला कळतं, माणूस आहे. आणि गाड्या समोरून येतात त्या बाजूनं चालायचं. गाड्यांकडे पाठ करून चालायचं बंद." एवढं सांगून ती कामाला गेली.

बेकरीवाल्यानं आपल्या गाडीला लावून उरलेली पट्टी काढून दिली. मास्तरांनी ती दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी. चंदेरी, भडक, बटबटीत. आणि ती कुठे लावायची, तर त्या काळ्या कोटावर! जन्मात ज्या माणसानं कपड्यावर एक धागा वेगळा दिसू दिला नाही, त्यानं अंगावर ही जाहिरात मिरवायची? पण शब्द दिला होता. मास्तर कामाला लागले. आणि खरं सांगायचं तर, एकदा सुई हातात आली की त्यांना राहवलं नाही. पट्टी बाहीला लावली, कड दिसत होती, म्हणून कड झाकली. मग वाटलं, दिवसा फार डोळ्यात येतेय, म्हणून वरून काळ्या धाग्याची बारीक जाळी विणली. मग जाळीत फटी दिसायला लागल्या, त्या भरल्या. दोन दिवस डोकं वर काढलं नाही. पँटच्या घोट्यांवरही तेच. शेवटी कोट पुढ्यात पसरला तेव्हा त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. त्यांनी बेकरीवाल्याला हाक मारली आणि म्हणाले, "शोधा."

बेकरीवाल्यानं कोट उजेडाला धरला, उलटासुलटा केला, बाहीवरून बोट फिरवलं. "मास्तर, कमाल आहे! कुठाय पट्टी?"

"आहे तिथेच," मास्तर म्हणाले, आणि मिशीत हसले. दोन शहाणी माणसं, पण त्यातल्या एकालाही काही खटकलं नाही.

सुट्टीच्या संध्याकाळी परीक्षा ठरली. बेकरीवाल्यानं गाडी दिली आणि स्वतःही मागे पावांच्या ट्रेंच्या मधे बसून आला, मजा चुकवायला तो काय वेडा? लेक चाकावर, तिची आई शेजारी. मास्तर वळणाच्या पुढे जाऊन उभे राहिले. अंधार पडलेला, थंडी झकास. गाडी निघाली हे कळलं तसे ते चालायला लागले, या वेळी गाडीकडे तोंड करून.

दिवे वळणावरून आले. मास्तरांना अख्खी गाडी दिसली. झोत त्यांच्या अंगावर पडला, अगदी बटणांपर्यंत. मास्तरांनी अंग ताठ केलं. आता दिसलो, त्यांना वाटलं, आता ती वेग कमी करेल. गाडी तशीच येत राहिली. त्यांनी हात हलवला. गाडी येतच होती, ना दिवे खाली झाले, ना चाक वळलं. तेव्हा मास्तरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. एवढा उजेड अंगावर पडलाय, मला गाडी केव्हाची दिसतेय, आणि पोरीला मी दिसतच नाही! म्हातारा टुणकन उडी मारून भिंतीला चिकटला. गाडी हळूच चालली होती म्हणून बरं. ती कचकन थांबली.

"बाबा!" लेक खाली उतरली. "होतात कुठे तुम्ही?"

"समोर! तुझ्या समोर! हात हलवत होतो!"

तिनं टॉर्चच्या उजेडात त्यांची बाही धरली. डोळ्याजवळ नेली. मग नखानं ती जाळी जराशी फाकवली, आणि आतून चिमूटभर चंदेरी चमकलं.

"बाबा, तुम्ही पट्टी रफू केलीत."

"अगं, ती फार... फार दिसत होती."

मागून बेकरीवाल्याला हसू आवरेना. आई गाडीतूनच म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हे." लेकही हसली, हसता हसता डोळे पुसले, आणि मग गंभीर झाली. "उद्या सकाळी मी डेपोत नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. मास्तरांना बढाया मारायला आता तोंडच उरलं नव्हतं. झोतात उभं राहूनही न दिसणं काय असतं, ते त्यांनी आत्ताच बघितलं होतं.

घराच्या दारात पोचल्यावर मास्तरांनी कोट उतरवला आणि लेकीपुढे धरला. "तू लाव," ते म्हणाले.

"मी? मला कुठे येतं?"

"म्हणूनच म्हणतो. माझ्या हातून ते व्हायचं नाही. मी कितीही ठरवलं तरी हात लपवायलाच जाणार. तू लाव."

लेक मांडी घालून बसली. उरलेली पट्टी घेतली, सुईत दोरा ओवला, तोही पांढरा आणि जाडा. मास्तर समोर बसले. अहो, काय सांगू त्या माणसाचे हाल! पहिला टाका तिरका. दुसरा लांब. तिसरा कुठे गेला पत्ताच नाही. पट्टी सुरकुतली. मास्तरांचा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे," लेक म्हणाली.

मास्तरांनी हात मांडीखाली दाबून धरला. तिनं दोन्ही मनगटांना पट्ट्या लावल्या, पँटला घोट्याशी लावल्या, पाठीवर एक आडवी लावली. सुई टोचली की "स्स" करायची, बोट तोंडात घालायची आणि पुन्हा सुरू. ती दमली होती, पण उठली नाही. शेवटची गाठ मारून तिनं कोट झटकला आणि म्हणाली, "हे घालून चालणार असाल तर मी हो सांगते. पण बाबा, दुकानात नेऊन उसवायचं नाही. मला माहितीय तुम्ही."

"नाही उसवणार," मास्तर म्हणाले.

म्हणायला सोपं हो! दुसऱ्या दिवशी दुकानात कोट खुंटीवर टांगलेला, आणि मास्तरांची पाठ त्याच्याकडे. तरी ते टाके पाठीला टोचत होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी कोट खाली काढला. पट्टी तशीच ठेवायची, झाकायची नाही, फक्त टाके सरळ करायचे. त्यात काय बिघडलं? उलट पक्की बसेल. त्यांनी उसवायची बारीक कात्री उचलली, तिचं टोक बाहीवरच्या पहिल्या टाक्याखाली घातलं, आणि तिथेच थांबले. टाक्याशेजारी पट्टीवर एक तांबूस ठिपका होता. सुई लागली होती तिथला. लहानपणी हिचे टाके आपण असेच गुपचूप उसवायचो, त्यांना आठवलं, एकही ठेवला नाही. त्यांनी कात्री काढून घेतली, खणात टाकली आणि कोट परत टांगला, पट्ट्या बाहेर दिसतील असा.

तेवढ्यात नेहमीच्या वकिलीणबाई आपला रेशमी गळपट्टा न्यायला आल्या. त्यांची नजर खुंटीवर गेली आणि त्यांनी तोंडात बोटं घालायचीच बाकी ठेवली. "मास्तर, हे काय हो? हे तुमचं काम?"

"माझं कुठलं! माझ्या मुलीचं," मास्तर म्हणाले.

"अगंबाई. तिला जरा शिकवा तरी."

"तिला येतं," मास्तर म्हणाले, आणि गळपट्टा त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "शोधा."

संध्याकाळी दार ओढून ते निघाले. बेकरीवाला मुद्दाम बाहेर येऊन उभा राहिला. "चालला आमचा रत्नहार!" तो ओरडला. आजूबाजूचे हसले. मास्तरांचे कान तापले, पण त्यांनी कॉलर वर केली नाही. ते रस्ता ओलांडून गाड्या समोरून येतात त्या बाजूला गेले, हातातला टॉर्च जमिनीकडे धरून. पलीकडे गिरणीची भिंत लागली. अंधार झाला. टेकाडावरच्या खिडक्या एकेक करून पेटत होत्या, आणि मास्तर त्या बघत होते, पण आज एक डोळा रस्त्याकडे.

वळणावर बसचे दिवे आले. मास्तरांचं पाऊल अडखळलं. कालचा झोत आठवला. कडेला सरायला जागा आहे ना, हे त्यांनी टॉर्चच्या उजेडात बघितलं.

आणि बस अजून कितीतरी लांब असताना तिचे दिवे खाली झाले. वेग कमी झाला, बस रस्त्याच्या पलीकडे सरकली, ऐसपैस जागा सोडून आली. जवळ येताना हळू झाली. मास्तरांनी हात वर केला तसं मनगट चमकलं, आणि त्यांचं त्यांनाच ते दिसलं. काचेमागे लेकीचा चेहरा ओझरता दिसला, हसरा. बस निघून गेली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मास्तरांना कळलं. आपण कुणाला तरी दिसतो यात एवढं सुख असतं हे त्यांना या वयापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. ते तिथे जरा उभे राहिले, बसचा आवाज पार विरेपर्यंत. मग रस्ता ओलांडून, पायऱ्या चढून घरी आले.

रात्री जेवताना लेकीनं पोटभर जेवून आणखी मागून घेतलं. डेपोत काय काय झालं ते सांगितलं, कंडक्टरच्या नकला केल्या. मास्तर ऐकत होते, पण त्यांच्या मनात एकच प्रश्न खदखदत होता. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच.

"काय गं, लांबून टाके दिसले का?"

"टाके कुठले दिसतायत, बाबा?" लेक म्हणाली. "तुम्ही दिसलात. आधी घोटे दिसले, खालीवर होणारे. मग हात. आणि चालणं तर तुमचंच. वळणावरच मी कंडक्टरला म्हटलं, ते बघ, माझे बाबा चाललेत."

मास्तर खाली मान घालून जेवत राहिले. मग म्हणाले, "त्याला दिसलो?"

"सगळ्या बसला दिसलात."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि बायकोपुढे ताट सरकवलं. "मलाही आणखी वाढ."